अंडी उबवायच्या मशीनमध्ये (इनक्युबेटरमध्ये) ठेवण्याआधी आणि ठेवल्यावर अंडं फलित आहे की वांझ, हे कसं ओळखायचं?

तांबडातुरा

इनक्युबेटरमधल्या अंड्यांना सातव्या दिवशी टॉर्च लावला की दर खेपेला पाव हिस्सा अंडी रिकामी दिसतात. आत नुसती पिवळसर सावली. ना शिरा, ना ठिपका. कोंबडा कळपातच आहे आणि कामात कुचराई करताना दिसत नाही. त्यामुळे अंडी मुळातच वांझ आहेत की मशीनमध्ये जाऊन मरतायत, हे ठरवता येत नाहीये.

मशीनमध्ये ठेवण्याआधीच वांझ अंडी वेगळी काढता येतात का? पाण्यात टाकून बघा, टोकदार अंडी घेऊ नका, असे सल्ले मिळतात, त्यात तथ्य किती? टॉर्च नेमका कुठल्या दिवशी लावायचा आणि काय दिसलं की अंडं काढून टाकायचं? काही अंड्यांत आत लाल कडं दिसतं, ते काय असतं?

मशीन पंख्याचं आहे, तापमान ३७.५ अंश सेल्सिअस, अंडी दिवसातून पाच वेळा हाताने फिरवली जातात. कवचं पांढरी, फिकट तपकिरी आणि गडद तपकिरी अशी मिश्र. ठेवण्याआधी अंडी आठवडा-दहा दिवस घरातच साठवलेली असतात.

उबारा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे. अंडं फोडलं नाही आणि उबवलंही नाही, तर ते फलित आहे की वांझ हे घरी ओळखता येत नाही. कितीही भारी टॉर्च आणा. बलकावरचा जो ठिपका बघायचा असतो तो जेमतेम ४ मिलिमीटरचा, फिकट बलकावर फिकट रंगाचा, आणि आपण बघणार कवचातून पसरून आलेल्या प्रकाशात. तो दिसत नाही, आणि कुणी दिसतो म्हणत असेल तर बलकाची सावली बघून बोलतोय.

सल्ल्यांचं म्हणाल तर, पाण्यात अंडं तरंगतं ते आतली हवेची पोकळी मोठी झाली म्हणून. म्हणजे त्यावरून अंडं शिळं आहे एवढंच कळतं. टोकदार-गोल हा आकार कोंबडीच्या अंडनलिकेचा. एकाच कोंबडीची अंडी बहुतेक एकाच आकाराची येतात. त्याचा फलनाशी संबंध नाही आणि पिल्लू नर निघणार की मादी याच्याशीही नाही. फार विचित्र आकाराची अंडी मात्र मशीनमध्ये नकोतच, पण ते वेगळ्या कारणाने: त्यांत हवेची पोकळी भलतीकडे असते आणि पिल्लाला शेवटी चोच कुठे काढावी कळत नाही. बलकावरचा रक्ताचा ठिपका म्हणजे बलक बीजकोशातून सुटताना फुटलेली बारीक रक्तवाहिनी, वांझ अंड्यातही असतो. आणि बलकाच्या दोन्ही बाजूंना असणारी पांढरी पीळदार दोरी म्हणजे गर्भ नव्हे. ती बलकाला मध्यभागी धरून ठेवते, आणि जितकी ठळक तितकं अंडं ताजं.

आता जे करता येतं ते. एकेक अंडं तपासता येत नसलं तरी कळपाचा अंदाज घेता येतो, नमुन्याची अंडी फोडून. कृती अशी:

अंडं त्याच दिवसाचं किंवा आदल्या दिवसाचं घ्या. गडद रंगाची, उथळ बशी घ्या. अंडं बशीच्या अगदी जवळ धरून हलक्या हाताने फोडा, बलक फुटला तर ते अंडं मोजायचं नाही. बलकाची ठिपक्याकडची बाजू वजनाने हलकी असते, त्यामुळे बरेचदा ठिपका आपोआप वर येतो. नाही आला तर चमच्याच्या पाठीने बलक हळूच लोटून फिरवा. उजेड डोक्यावरून नको, कडेने येऊ द्या, म्हणजे बलकावरची चमक आड येत नाही.

वांझ अंड्यात ठिपका लहान असतो, साधारण २ मिलिमीटर, गच्च पांढरा आणि कडा वेड्यावाकड्या, कुरतडल्यासारख्या. त्याच्या आजूबाजूला कधी बारीक बुडबुड्यांसारखे डाग दिसतात. फलित अंड्यात चकती मोठी असते, साधारण ४ मिलिमीटर, आणि नीट गोल: बाहेर पांढरं कडं, आत फिकट, जवळपास पारदर्शक भाग. पुष्कळदा त्या फिकट भागाच्या मधोमध आणखी एक पुसट पांढरा ठिपका असतो. हा फरक का पडतो, तर फलन अंडनलिकेच्या तोंडाशीच होतं, बलक बीजकोशातून सुटल्यावर पंधरा-वीस मिनिटांत. त्यानंतर पांढरा बलक आणि कवच चढून अंडं बाहेर यायला २४ ते २६ तास लागतात, आणि तेवढा वेळ ते कोंबडीच्या अंगच्या उबेत असतं. म्हणजे घातलेल्या अंड्यात गर्भाच्या हजारो पेशी आधीच तयार असतात. वांझ ठिपक्यात वाढ झालेलीच नसते, म्हणून तो आखडलेला दिसतो.

पहिल्यांदा बघणाऱ्याला एकटं अंडं फोडून काही ठरवता येत नाही. कोंबडा कधीच नसलेल्या कोंबड्यांची दोन-तीन अंडी मिळवून शेजारी ठेवा, म्हणजे नजर लगेच बसते. तरीही शंका राहिली तर नमुन्याची अंडी २४ तास मशीनमध्ये ठेवून मग फोडा. तोवर फलित चकती पसरून दुपटीच्या आसपास होते आणि वांझ ठिपका होता तेवढाच राहतो. मग चूक व्हायला जागा उरत नाही.

नमुना किती, हेही सांगतो. पाच अंडी फोडून पाचही फलित निघाली म्हणून खूष होऊ नका. कळपाची खरी फलितता ८० टक्के असली तरी पाचपैकी पाच फलित निघण्याची शक्यता तीनात एक असते. निदान दहा-बारा फोडा, दोन-तीन दिवसांत मिळून, वेगवेगळ्या कोंबड्यांची. ताज्या फोडलेल्या अंड्यांचं नुकसान काहीच नाही, ती स्वयंपाकात जातात.

आणि मशीनमध्ये ठेवण्याआधी टॉर्च लावायचाच, पण फलन बघायला नव्हे. केसासारखे तडे, दोन बलक, सुटून इकडेतिकडे हलणारी हवेची पोकळी, फार विरळ आणि ठिपक्याठिपक्यांचं कवच, हे सगळं तेव्हा दिसतं आणि त्यातली बहुतेक अंडी तिथेच बाद करायची. पोकळी सुटलेली अंडी लांबून प्रवास करून आलेली असतात. ती वाया जायलाच हवीत असं नाही. रुंद टोक वर ठेवून दिवसभर स्थिर राहू द्या, आणि मशीनमध्येही पहिले एक-दोन दिवस उभीच ठेवा.

खुडूक

वर फोडण्याबद्दल नीट आलंय, मी टॉर्चबद्दल लिहितो.

आधी दिवस मोजणं, कारण निम्मा गोंधळ तिथे असतो. अंडी ठेवली तो दिवस शून्य. सोमवारी संध्याकाळी ठेवली तर मंगळवारी संध्याकाळी एक दिवस पूर्ण. सातवा दिवस म्हणजे पुढच्या सोमवारची संध्याकाळ, रविवारची सकाळ नव्हे. ठेवलेला दिवस 'पहिला' धरला की प्रत्येक तपासणी एक दिवस अलीकडे येते, आणि पाचव्या-सहाव्या दिवसाला एका दिवसाचा फरक फार मोठा असतो.

टॉर्च एलईडीचा, प्रकाशझोत अरुंद. तोंड अंड्याच्या रुंद टोकापेक्षा लहान असावं, साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. मोठं असेल तर पुठ्ठ्याला भोक पाडून वर बसवा आणि भोकाच्या कडेला सायकलच्या जुन्या ट्यूबची गोल पट्टी चिकटवा. कडेने उजेड सांडला की डोळे दिपतात आणि अंड्यातलं काही दिसत नाही. टॉर्चची ताकद वाढवण्यापेक्षा ही गळती बंद करणं जास्त उपयोगी पडतं. जुन्या पद्धतीचा तापणारा बल्ब कवचाला टेकवून ठेवू नका.

खोली पूर्ण काळोखी करा आणि डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं द्या. हात धुऊन, कोरडे करून. रुंद टोक टॉर्चवर टेकवा, अंडं थोडं तिरकं धरा आणि हळूहळू फिरवा. आधी हवेची पोकळी शोधा, मग तिच्या खाली बघा. झटके द्यायचे नाहीत. दहा-पंधरा मिनिटं अंडी मशीनबाहेर राहिली तर काही बिघडत नाही, कोंबडी स्वतःही दाणा खायला उठतेच. पण पंख्याखाली उघडी ठेवू नका.

काय दिसतं:

तिसऱ्या दिवशी पांढऱ्या कवचात, सवय असलेल्या नजरेला, बलकाची सावली जरा गडद आणि वरच्या बाजूला सरकलेली वाटते. यावर निर्णय घेऊ नये. चौथ्या-पाचव्या दिवशी पांढऱ्या अंड्यात केसासारख्या लाल शिरा दिसू लागतात. सातव्या दिवशी चित्र स्वच्छ असतं: मध्ये गडद ठिपका, तो डोळा, आणि त्याच्याभोवती कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या शिरा. अंडं स्थिर धरलं तर ठिपका आपणहून हलतो, डोलतो. हे दिसलं की अंडं फलित आणि जिवंत, पुढे चर्चा नको.

दहाव्या-अकराव्या दिवशी शिरांचं जाळं पार निमुळत्या टोकापर्यंत पोचून मिटलेलं असतं. निमुळतं टोक टॉर्चवर धरून बघा. तिथे शिरा नसतील आणि तो भाग मोकळा, पिवळट दिसत असेल तर वाढ मागे पडली आहे. बहुधा फिरवणं कमी पडलंय किंवा तापमान कमी आहे. चौदाव्या दिवशी निम्म्याहून जास्त अंडं काळं दिसतं, हालचाल जोरात. अठराव्या दिवशी हवेची पोकळी सोडून सगळं काळं. पोकळीची कड स्वच्छ आणि तिच्या लगत एखाद-दुसरी जाड शीर. त्यानंतर फिरवणं बंद, आर्द्रता ६५-७० टक्क्यांवर न्यायची आणि झाकण उघडायचं नाही. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पोकळीत चोचीची सावली ढोसताना दिसते, ती बघायचा मोह होतो. टाळा. झाकण उघडलं की ओलावा जातो, आणि कवच फोडायला लागलेल्या पिल्लाभोवतीचा पापुद्रा वाळतो.

थोडक्यात, तपासण्या तीनच: सातवा, चौदावा, अठरावा. रोज टॉर्च लावून पिल्लू लवकर वाढत नाही.

सातव्या दिवशी ज्याच्याबद्दल खात्री नाही त्यावर पेन्सिलने प्रश्नचिन्ह करा, शाईच्या पेनने किंवा मार्करने नको. दहाव्या दिवशी पुन्हा बघा. दोन्ही वेळा तेच चित्र असेल तर काढा.

लाल कडं म्हणजे मेलेला गर्भ. सुरुवातीचं रक्ताभिसरण बलकावर ज्या गोल मर्यादेपर्यंत पसरतं, तिथे गर्भ मेल्यावर रक्त साचतं आणि कडं दिसतं. कधी पूर्ण, कधी तुटक, कधी नुसती लाल रेघ. म्हणजे अंडं फलित होतं, गर्भ साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसात गेला. ते परत उठत नाही, काढून टाका.

तांबडातुरा

खूप स्पष्ट झालं. अजून दोन गोष्टी. गडद तपकिरी अंड्यांत सातव्या दिवशी मला नुसता अंधार दिसतो, ती रिकामी की भरलेली तेच कळत नाही. आणि ज्यांत शिरा नाहीत, कडंही नाही, अगदी स्वच्छ आहेत, ती सगळी वांझच धरायची ना?

बलक

नाही, धरायची नाहीत. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात आणि बिचाऱ्या कोंबड्यावर आळ येतो.

सातव्या दिवशी स्वच्छ दिसणाऱ्या अंड्यांत दोन प्रकार असतात: खरोखर वांझ, आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गर्भ मेलेलं. रक्त तयार होण्याआधी गर्भ गेला तर शिरा नसतात, कडं नसतं, टॉर्चखाली दोन्ही सारखीच दिसतात. फरक फोडल्यावरच कळतो. म्हणून सातव्या दिवशी काढलेली अंडी कचऱ्यात टाकू नका, एकेक करून फोडा. उपाय पूर्ण वेगळे आहेत म्हणून हा खटाटोप.

ही अंडी बशीत थेट फोडली तर बलक बहुतेक वेळा फुटतो, कारण उबेत राहून त्याचा पापुद्रा कमकुवत झालेला असतो. रुंद टोकाला चमच्याने टिचकी मारा, हवेच्या पोकळीवरचं कवच नखाने सोलून काढा, पोकळीच्या कडेपर्यंत. खाली पांढरा पापुद्रा दिसेल, तो चिमट्याने हळूच उचलून फाडा. आता वरून थेट बलक दिसतो आणि जे बघायचं ते बहुधा वरच असतं. दिसलं नाही तरच बशीत ओता.

लहान, गच्च पांढरा ठिपका जसाच्या तसा, बलक एकसंध आणि पिवळा: वांझ. ठिपक्याच्या जागी सायीसारखा फिकट पापुद्रा पसरलेला, सेंटिमीटरभर किंवा त्याहून मोठा, रक्ताचा थेंबही नाही: फलित, पहिल्या-दुसऱ्या दिवशी मेलेलं. रक्ताचं कडं किंवा शिरांचे अवशेष, डोळा नाही: तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास. काळा डोळा दिसतोय: पाचव्याच्या पुढे.

हिशोब कसा बदलतो बघा. समजा ४० अंडी ठेवली आणि सातव्या दिवशी ७ स्वच्छ निघाली. न फोडता फलितता मांडली तर ४० पैकी ३३, म्हणजे ८२.५ टक्के, आणि कोंबडा बदलायचा विचार सुरू. फोडून पाहिल्यावर त्यातली ३ लवकर मेलेली निघाली तर फलित अंडी ३६, म्हणजे ९० टक्के. कोंबडा ठीक आहे, गडबड साठवणीत आहे.

तुमच्या बाबतीत मला हीच शंका आहे. अंडी आठवडा-दहा दिवस घरात साठवलेली, असं तुम्ही लिहिलंय. साठवणीसाठी १५ ते १८ अंश आणि ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते, निमुळतं टोक खाली. त्यातही सात दिवसांपर्यंत ठीक, पुढे प्रत्येक दिवसागणिक पिल्लं कमी निघतात आणि जी निघतात ती उशिरा निघतात. खोली साधारण २४-२५ अंशांच्या वर गेली की गर्भ अर्धवट जागा होतो, थोडा वाढतो, रात्री गारव्याने थांबतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा. असं चार-पाच वेळा झालेला गर्भ मशीनमध्ये गेल्यावर पहिल्याच दिवशी दम सोडतो. टॉर्चखाली तो तुम्हाला 'वांझ' दिसतो.

अशा लवकर मरण्याची बाकी कारणं: अंडी पाण्याने धुणं, प्रवासातले धक्के, घरट्यातून उशिरा उचलणं. एखादी खुडूक (उबवायला बसणारी) कोंबडी दिवसभर त्यावर बसली असेल तर उबवणी तिथेच सुरू झालेली असते, मग साठवणीत ती मोडते. दिवसातून तीन-चार वेळा अंडी गोळा करा.

लाल कडी जास्त निघत असतील तर बोट मशीनकडे. पहिल्या आठवड्यात तापमान वर गेलं की कडी वाढतात. पंख्याच्या मशीनमध्ये ३७.५ बरोबर आहे, पण तो आकडा मशीनच्या पडद्यावरचा की स्वतंत्र थर्मामीटरचा? सेन्सर अर्धा-एक अंश चुकीचं दाखवतात हे नेहमीचं. ताप मोजायचा चांगला थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर ठेवून ताडून बघा. बिनपंख्याच्या मशीनमध्ये अंड्याच्या माथ्याशी ३८.३ ते ३८.९ लागतात, कारण खालचा थर थंड असतो. पंख्याच्या मशीनला तो आकडा लावला तर गर्भ भाजून निघतात.

गडद तपकिरी अंड्यांबद्दल. कवचातला रंग प्रकाश खातो, त्याला इलाज नाही. सातव्याऐवजी दहाव्या दिवशी बघा. शिरा शोधत बसू नका, सावलीची कड बघा: भरलेल्या अंड्यात हवेच्या पोकळीखाली गडद भाग ठाम कडेने सुरू होतो आणि अंडं हळू तिरकं केलं तरी जागा सोडत नाही. रिकाम्या अंड्यात पुसट तांबूस उजेड सगळीकडे सारखा पसरतो आणि बलकाची सावली अंड्याबरोबर सैल फिरते. शेजारी कोंबड्याविना घातलेलं त्याच रंगाचं ताजं अंडं धरून तुलना केली की सोपं जातं. गडद अंडी ट्रेमध्ये एका बाजूला वेगळी लावा, म्हणजे पांढऱ्यांच्या मापाने त्यांचा निकाल लागणार नाही.

दाणापाणी

अठराव्या दिवशी कोमट पाण्यात अंडं ठेवलं की जिवंत असेल तर पाण्यावर डुलतं, मेलेलं स्थिर राहतं. हा उपाय बराच चालतो, त्याचा इथे कुणी उल्लेख केला नाही?

उबारा

चालतो, पण सुचवण्यासारखा नाही, म्हणून लिहिला नव्हता. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. पाणी अंड्यापेक्षा जरा जरी गार असेल तर आतला मजकूर आकसतो आणि पाणी, त्याबरोबर कवचावरची घाणही, आत ओढली जाते. कवचाला आतून बारीक तडा गेला असेल आणि तो तुम्हाला दिसला नसेल तर पिल्लू सरळ बुडतं. शिवाय झोपलेलं पिल्लू हलत नाही, तेव्हा स्थिर अंडं मेलेलंच असंही नाही. टॉर्च जे बिनधोक सांगतो त्यासाठी हा धोका का घ्यायचा?

पाण्यापेक्षा वजनकाटा घ्या, एक ग्रॅमच्या खाली मोजणारा. अंड्याचं वजन अठरा दिवसांत १२ टक्क्यांच्या आसपास कमी व्हायला हवं, ११ ते १३ चालतं. ६० ग्रॅमचं अंडं सातव्या दिवशी साधारण ५७.२ आणि अठराव्या दिवशी ५२.८ ग्रॅम. कमी घटत असेल तर मशीन फार ओलं आहे, जास्त घटत असेल तर फार कोरडं. पण याचा अर्थ वजनावरून फलन कळतं असा काढू नका. वांझ अंड्यातूनही पाणी तसंच उडतं. वजन आर्द्रतेसाठी, टॉर्च गर्भासाठी.

खुडूक

नासलेल्या अंड्याबद्दल कुणी लिहिलं नाही, ते सांगून ठेवतो. वांझ अंडं मशीनमध्ये राहिलं तर लगेच बॉम्ब होत नाही. स्वच्छ, न धुतलेलं वांझ अंडं एकविसाव्या दिवसापर्यंत पिवळं स्वच्छ राहू शकतं, फक्त जागा अडवतं. फुटतात ती जंतू शिरलेली: मळकी, धुतलेली, तडा गेलेली, किंवा गर्भ मेलेली. टॉर्चखाली आत राखाडी-हिरवट ढग, हलणारे काळे डाग, शिरांचा पत्ता नाही. कवचावर घामासारखे तपकिरी थेंब येतात. ट्रेवर नाक नेलं की वास कळतो. रोज झाकण उघडताना एवढं करा. असं अंडं हातात हलवू नका, कानाशी नेऊ नका, टॉर्चवर पुन्हा धरूनही बघू नका. प्लास्टिकची पिशवी हातावर उलटी घालून अंडं आत ओढून घ्या, गाठ मारा आणि बाहेर न्या. मशीनमध्ये फुटलं तर शेजारच्या अंड्यांवर जो रस उडतो त्यातून तीही जातात.

तांबडातुरा

स्वच्छ निघालेली अंडी या खेपेपासून फोडून बघतो, साठवण पाच दिवसांवर आणतो. समजा तरीही खरी वांझ जास्त निघाली, तर कोंबड्याकडे कसं बघायचं?

बलक

आधी कुणाची अंडी वांझ हे शोधा. सगळ्या कोंबड्यांची थोडीथोडी की ठरावीक दोघी-तिघींची सगळी? अंड्याचा रंग-आकार ओळखीचा झाला की हे पेन्सिलने नोंदवता येतं. ठरावीक कोंबड्यांचीच असतील तर कोंबडा त्यांच्याकडे जात नाही किंवा त्या त्याला टाळतात. पाठीची पिसं झिजलेल्या कोंबड्या त्याच्या लाडक्या. ज्यांची पाठ अगदी शाबूत आहे त्यांची अंडी आधी फोडून बघा.

सगळ्यांचीच वांझ निघत असतील तर प्रमाण बघा. हलक्या जातीत एका कोंबड्याला १० ते १२ कोंबड्या, जड जातीत ८ ते १०. पण जास्त कोंबडे म्हणजे जास्त फलन असंही नाही. दोन कोंबडे एकमेकांना चढूच देत नाहीत आणि दिवस भांडणात जातो. कोंबडा उचलून पाय बघा. तळव्याला गळू असेल, नख्या किंवा आऱ्या (पायामागचे काटे) फार वाढल्या असतील, लंगडत असेल, तर तो चढतो पण तोल सावरत नाही आणि काम पूर्ण होत नाही. लांबून सगळं ठीकच दिसतं. भरघोस पिसांच्या जातींत नर-मादी दोघांच्याही गुदद्वाराभोवतीची पिसं कात्रीने आखूड करा, फरक पडतो. चपटा, दाणेदार तुरा, ज्याला रोज कोंब म्हणतात, त्याची दोन्ही जनुकं असलेल्या कोंबड्यांत शुक्राणूंची हालचाल मुळातच कमी असते. तिथे एकेरी तुऱ्याचं रक्त आणल्याशिवाय आकडा वर जात नाही. कडक उन्हाळा, पिसं झडण्याचा काळ, दिवस लहान होणं यांतही फलितता खाली येते आणि नंतर आपोआप सुधारते. त्या दिवसांत कोंबडा बदलायची घाई करू नका. प्रकाश १४ तासांपर्यंत राहील असं बघा.

बदललाच, तर हे लक्षात ठेवा: कोंबडीच्या अंडनलिकेत शुक्राणू साठवायच्या सूक्ष्म नळ्या असतात. एका मिलनानंतर दहा दिवस ते दोन आठवडे, क्वचित तीन आठवडेही फलित अंडी येत राहतात. त्यामुळे जुना काढल्यावर चार दिवसांनी मिळालेली फलित अंडी जुन्याचीही असू शकतात. पिल्लं नव्याचीच हवी असतील तर मध्ये तीन आठवडे जाऊ द्या. नव्याचं पहिलं फलित अंडं किती लवकर येऊ शकतं, तर मिलनानंतरच्या दुसऱ्या दिवशीचं अंडं कधी कधी फलित निघतं. मिलनाच्याच दिवशी घातलेलं निघणं शक्य नाही, कारण मिलनाच्या वेळी त्या अंड्याचा बलक आधीच खाली उतरलेला असतो. नमुन्याची दहा-बारा अंडी मात्र जुन्याला काढून तीन आठवडे झाल्यावरच फोडा. त्याआधी मोजलंत तर आकडा दोघांचा मिळून येईल.